हुडकणं

एग्मोरच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई तंजावरकडच्या मराठी घरातली आहे. तिचं मराठी जुनं, तमिळ हेलातलं. प्रत्येक वाक्याआधी ‘बरं’ अशा अर्थी ‘सरी’ म्हणते आणि शोधण्याला ‘हुडकणं’. मी पुण्याचा. पहिल्याच आठवड्यात मी हसून तिला ‘शोधणं’ म्हणायला सांगितलं. ती ‘सरी’ म्हणाली आणि हुडकतच राहिली.

ती टाइप फार कमी करते. कॉफी टंबलरातून डबऱ्यात, म्हणजे खालच्या खोलगट वाटीत, ओतत स्क्रीनकडे नुसती बघत बसते. तो निवांतपणा मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात माझा कोड अडला. फ्लोट थर्टीटूच्या ॲरेत, म्हणजे कमी जागेत आकडे साठवणाऱ्या यादीत, मीच ०.१ भरला होता, आणि शोधायला गेलो की उत्तर उणे एक, म्हणजे असा आकडाच नाही. दोन दिवस मी डोकं फोडलं. तिने एकदा वाकून पाहिलं.

“सरी. तुम्ही हुडकता तो आकडा वेगळा, आतला वेगळा. आत जागा कमी, म्हणून तो दाबून बसवलाय. हुडकायचा पण तसाच दाबून घ्या.”

एक ओळ बदलली आणि आकडा सापडला.

मीटिंगमध्ये साहेबांनी हे कोणी सोडवलं असं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “यांनीच केलं.” पानातला कढीपत्ता कडेला सारावा, इतक्या सहज. मी नाही म्हणालो नाही.

जागेवर येऊन आकडा शोधणाऱ्या त्या फंक्शनला नाव द्यायला बसलो, तर बोटांनी ‘हुडक’ टाइप केलं. ते मी लगेच पुसलं.