पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंग नाही

आमच्या ह्यांचा सगळा जन्म यशवंतपूरकडच्या एका सरकारी कारखान्यात बॅटऱ्या तपासण्यात गेला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी घरात ह्यांच्या परवानगीशिवाय काही चार्ज होत नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, नाहीतर तिचं आयुष्य घटतं, हा जुन्या बॅटऱ्यांच्या काळातला ह्यांचा नियम. त्यापायी माझा मोबाईल भाजीवाल्या अण्णासमोर कितीदा बंद पडलाय, विचारू नका.

मग कंपवातानं ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी मेंदूत बारीक तारा घातल्या आणि त्यांना वीज पुरवणारी बॅटरी छातीत, कातडीखाली बसवली. हात थांबला की हो! पहिल्यांदा स्वतः दाढी केली, तेव्हा ह्यांनी मला तीनदा गाल दाखवला. आठवड्यातून एकदा छातीवर चार्जरची चकती ठेवायची, वीज कातडीतून आत जाते, वायर नाही, काही नाही. चकती जरा सरकली की टुकटुक सुरू. "ही बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं. हे म्हणाले, "सरी, सरी." मला तिथेच कळायला हवं होतं. जे पटत नाही, त्यालाच हे कन्नडमध्ये होकार देतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी ह्यांचा कप बशीवर खडखडायला लागला. चहा सदऱ्यावर. बॅटरी ठार उतरलेली, आणि चकती धरायला हात स्थिर राहीना. मग मीच शेजारी बसून ती छातीवर धरली आणि तोंड सोडलं.

"अहो, डॉक्टरांनी डोक्यात तारा घातल्या, अक्कल घालायची राहिली का? जळला मेला तुमचा नियम!"

"नियमाचं नाही गं," हे खाली बघत म्हणाले.

"मग कशाचं?"

"मुद्दाम उतरू दिली. वर्षभर हात इतका छान होता... म्हटलं, मुळातूनच बरा झालाय का, बघावं."

अर्ध्या तासानं यंत्र सुरू झालं, हात हळूहळू शांत झाला. मी चकती तशीच दाबून धरून बसले. ह्यांना वाटलं, मी अजून रागावलेय. खरं सांगते, तो हात बरा झाला असेल असं मलाही रोज वाटायचं. तपासून बघायची हिंमत तेवढी ह्यांनी केली.