पटावरची गोदावरी

कार्ड आलं तेव्हा आई ओटीवर नाचणी निवडत बसली होती. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं नाही. बाहेरच्या पायरीवर ठेवलं आणि तो निघून गेला. कोपरा फाडलेलं कार्ड घरात घ्यायचं नसतं हे तोही जाणत होता. मी पायरीवर उभ्यानेच मोठ्याने वाचलं : ‘चि. गजानन याची पत्नी सौ. सुनंदा ही विषमज्वराने निवर्तली.’ आईने सुपातून मान वर न करता विचारलं, “कोन रे ही सुनंदा?” खरं सांगायचं तर क्षणभर मीही आठवतच होतो. मग म्हटलं, “आई, आपली गोदा.”

पोटची पोर मेल्याची बातमी ऐकून आईला ‘कोण ही?’ असं विचारावं लागलं. ज्यांनी ही वेळ आणली त्यांच्याविषयी मी सौम्य शब्दांत लिहिणार नाही. दिवसवार उरकले, आता राग सोड, असं मला सांगणाऱ्यांनी हा लेख इथेच मिटावा. समाचाराला आलेल्या बायका आईला म्हणाल्या, “सवाष्ण गेली हो, नशिबाची.” आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. उभ्या जन्मात तिने दारी आलेल्याचा असा अपमान केला नव्हता. मला तो फार आवडला.

गोदावरी आत्माराम सकपाळ ही माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणत असे. आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. वडील महाडच्या पेठेत भाताची अडत करत, म्हणून आम्ही दोघं महाडला शिकलो. दासगावच्या बंदरातून भात घेऊन गेलेले मचवे परत येताना मीठ आणत, कापड आणत आणि कुणाकुणाची पत्रकं आणत. स्वदेशीची, दारूबंदीची, स्त्रीशिक्षणाची, जातिभेदावर आसूड ओढणारी. ती वाचून मी पेटून उठायचो आणि घरात भाषणं करायचो. अक्काही वाचायची, पण वाचून झालं की कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर माशांची चित्रं काढायची. माशांची म्हणजे माशांच्या पोटातली. सावित्रीतला ताजा मासा चिरायला आई बसली की ही विळीसमोर येऊन उभी. “थांब गो आई, याचं काळीज अजून हलतंय का ते बघू दे.” आई म्हणायची, “बघ नि सोड. मानसं जेवायची हायत, मासा कशानं मेला ते कुनी इचारत नाय.” आमच्या घरातल्या स्त्रीशिक्षणाच्या पत्रकांचा एकमेव खरा उपयोग तो होता, आणि मी आज हे उपहासाने म्हणत नाही.

हायस्कुलात ती एकटीच मुलगी होती. मॅट्रिक झाली तेव्हा तिने वडिलांना सांगितलं, मला वैद्यकी शिकायचीय. मुंबईचा विचार पहिल्याच दिवशी निकालात निघाला. आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईत, आणि सगळ्यांची मिळून गावकीची एक खोली. तिथे पाळीपाळीने झोपतात. मुलीने राहावं असं आमचं तिथे दुसरं छप्पर नव्हतं. मग एका मास्तरांनी एका संस्थानच्या विद्यापीठाची माहिती आणून दिली. मोठं विद्यापीठ. वैद्यकीला मुली घेतात, त्यांचं वसतिगृह वेगळं, राजा प्रागतिक, वर्तमानपत्रांतून त्याचे गोडवे. त्या संस्थानाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव बदललं की माणूस बदलतो, असं मानणाऱ्यांचं नाव लिहून काय करायचं?

वडील तिला घेऊन महाबळेश्वरच्या घाटाने मोटारीतून गेले, पुढे आगगाडीने. परत आले ते एक नवा शब्द घेऊन : परमुलखी. संस्थानच्या रयतेला आधी जागा, उरल्या तर परमुलखी उमेदवारांना, आणि त्या मोजक्या जागा भरलेल्या. गुण किती, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिथल्या कचेरीतल्या हेडक्लार्कने सांगितलं होतं, “पुढल्या वर्षी या. मात्र पुढल्या वर्षीही तुम्ही परमुलखीच असाल, एवढं लक्षात ठेवा.”

यावर तोड काढली ती त्याच शहरातल्या, वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी. लग्न करा, म्हणाले. बायको नवऱ्याच्या मुलखाची होते. तिथल्याच जगदाळे घराण्यातला मुलगा आहे, घर सुधारलेलं आहे, शिकवायला तयार आहेत. मी संतापलो. तेव्हा माझं मॅट्रिकचं वर्ष होतं आणि विवाहसंस्थेवर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. कॉलेजात शिरण्यासाठी लग्न करणं म्हणजे स्वतःला विकणं आहे, असं मी अक्काला सुनावलं. ती दासगावहून आलेला मासा न्याहाळत होती. म्हणाली, “अरे, मी लग्न कॉलेजाशीच करतेय. मध्ये एक माणूस उभा आहे, इतकंच.”

“आणि तो माणूस बाजूला झाला नाही तर?”

“तू तुझं पत्रक छापून आण. तोवर माझं पहिलं वर्ष पुरं होईल.”

जगदाळ्यांशी बोलणी आमच्याच ओटीवर झाली. वडील, काका, पोलादपुराहून आलेले भावकीतले चारजण. सगळ्यांनी ताठ बसून एकेक गोष्ट कबूल करून घेतली. मुलगी शिकेल. वसतिगृहात राहील. मानपान काय, मुहूर्त कुठला, वऱ्हाड कुठे उतरेल, सगळं बोलून झालं. एका गोष्टीचा उच्चार कुणीही केला नाही, कारण ती बोलायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे सून घरात आली की तिचं नाव बदलतात. सूर्य उगवेल का, असं बोलणीत कुणी विचारत नाही. तसंच हेही.

लग्नानंतर पाठराखण म्हणून मी तिच्याबरोबर सासरी गेलो होतो. ताटात तांदूळ पसरले होते. गजाननरावांनी अंगठीने त्यात ‘सुनंदा’ असं लिहिलं, साखर वाटली, आणि अक्काला उखाणा घ्यायला लावला. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही एका अंगठीच्या टोकाने पुसून टाकली. तिने मान खाली घालून साखर तोंडात टाकली. आपल्या हातून काय गेलं ते तिला तेव्हा कळलं नाही. मलाही नाही. मी तर पत्रकं वाचून शहाणा झालेला.

कळलं ते कचेरीत. त्याच हेडक्लार्कने मॅट्रिकचा दाखला एका हातात धरला आणि रहिवासाचा दुसऱ्या. दोन्हींकडे पाहून हसला. म्हणाला, “ही गोदावरी सकपाळ मॅट्रिक आहे, पण आमची रयत नाही. ही सुनंदा जगदाळे आमची रयत आहे, पण मॅट्रिक नाही. दोघी मिळून या.”

अक्का म्हणाली, “दोघी आलोच आहोत की.”

त्याला आपल्याच विनोदावर हसायची सवय होती, दुसऱ्याच्या नव्हे. दोघी एकच आहेत असं नवऱ्याने प्रतिज्ञेवर लिहून दिलं पाहिजे, म्हणाला. घरी आल्यावर सासऱ्यांनी तबकातली सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जगदाळ्यांच्या सुनेला जुनं नाव नसतं. कचेरीत जाऊन ते मिरवायचं असेल तर शिक्षण राहू द्या.” अक्काने नवऱ्याकडे पाहिलं. गजाननराव दाराच्या कडीशी चाळा करत होते. “बाबा म्हणतात त्यात काही चूक नाही,” एवढंच ते बोलले. सुधारलेलं घर! ओटीवर मुलीच्या शिक्षणाला मान डोलावणारे, आणि सही करायची वेळ आली की कडीशी खेळणारे. अशा सुधारकांपेक्षा उघड विरोध करणारे परवडले, त्यांच्या तोंडावर दार तरी आपटता येतं.

वर्षभर तिने त्या घरात पोळ्या लाटल्या. मग एक दिवस उठून महाडला निघून आली. पुढच्या प्रवेशाच्या वेळी परत गेली ती सरळ गोदावरी सकपाळ म्हणून, परमुलखी म्हणून. बरोबर वडील नव्हते, त्यांची तब्येत ढासळली होती. आई गेली, सोबतीला मी. आईने त्याआधी आमच्या वाडीच्या वर आणि महाडच्या खाली काही पाहिलं नव्हतं. हेडक्लार्कने अक्काच्या कपाळाकडे बोट केलं. “कुंकू आहे. म्हणजे तुम्ही इथल्या सून. मग परमुलखी कशा?”

“इथली म्हणून आले तेव्हा तुम्ही घेतलं नाहीत,” अक्का म्हणाली.

“कारण नाव जुळत नव्हतं.”

तेव्हा आई पदर सावरून पुढे झाली. “दादा, नाव म्या ठेवलंय. गोदा. पाळन्यात ठेवलंय, वाडीतल्या समद्या बाया व्हत्या. ते दुसरं नाव त्यांनी ताटात तांदळावर लिवलं. दुसऱ्या दिशी त्या तांदळाचा भात केला नि समद्यांनी खाल्ला. ऱ्हायलंच नाय ते नाव. आता तुमी कुठनं आनताव?”

कचेरीतले कारकून मोठ्याने हसले. हेडक्लार्कने अर्जावर ‘नामंजूर’ लिहिलं. आई हसणाऱ्यांकडे पाहत राहिली. आपण हसण्यासारखं काय बोललो, ते तिला अजूनही कळलेलं नाही. मलाही नाही. त्या इमारतीत त्या दिवशी बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

शेवटी तिला प्रवेश मिळाला तो जगदाळ्यांच्या दुष्टपणामुळे. सून नांदायला येत नाही म्हणून त्यांनी गजाननरावांसाठी दुसरी मुलगी पाहिली. तिच्या बापाचं समाधान करायला सासऱ्यांनी लिहून दिलं की आत्माराम सकपाळ यांच्या मुलीशी आमचा कसलाही संबंध उरलेला नाही. आम्हाला टोचावं म्हणून त्याची एक प्रत त्यांनी महाडलाही धाडली. अक्का ती वाचून इतकी हसली की आई घाबरली. तोच कागद घेऊन ती तिसऱ्यांदा कचेरीत गेली. संबंध नाही म्हणजे रयत नाही, रयत नाही म्हणजे परमुलखी, आणि त्या साली परमुलखींची एक जागा रिकामी होती. पटावर नाव चढलं : गोदावरी आत्माराम सकपाळ, महाड. ती मला म्हणाली, “बघ, मला हाकलल्याचा दाखला लागला आत यायला.” मी म्हटलं, यावर पत्रक काढतो. म्हणाली, “काढ. मागची बाजू कोरी ठेव. मला आता माणसाचं काळीज काढायचंय.”

ते वर्ष तिचं होतं. दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहात तापाने पडली. इस्पितळात कुणीतरी ओळखून जगदाळ्यांना कळवलं. आम्हाला कुणी कळवलं नाही. ज्या माणसांनी संबंध नाही असं लिहून दिलं होतं, ती माणसं धावत आली. का? सवाष्णीचं मरण दुसऱ्याच्या दारी गेलेलं चालत नाही! हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, दाखल्यावर ‘सुनंदा गजानन जगदाळे’ असं नोंदवलं आणि नवऱ्याच्या हाताने अग्नी देऊन टाकला. दोन वर्षं जिवंत बाईसाठी जी सही होत नव्हती, ती मेलेल्या बाईसाठी एका दुपारीत झाली.

मी तिची ट्रंक आणायला गेलो. वसतिगृहातली खोली दुसऱ्या मुलीला दिली होती. ट्रंक घेण्यासाठी मला कचेरीत पाठवलं. हेडक्लार्क तोच. त्याने पट उघडला. “गोदावरी सकपाळ बरेच दिवस गैरहजर आहेत.”

“ती वारली,” मी म्हणालो.

“दाखला?”

मी दिला. त्याने वाचला आणि या वेळी तो हसला नाही. “हा तर सुनंदाबाईंचा आहे.” मग कोरा कागद नि टाक माझ्यापुढे सरकवून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “दोघी एकच, एवढं तुम्ही भाऊ म्हणून लिहून द्या. म्हणजे नाव कमी करता येईल.”

एवढी एक ओळ. ह्या ओळीसाठी ती घरोघर, दारोदार गेली होती. मी कागद परत सरकवला. “दोघी एकच आहेत हे या कचेरीने कधी मानलं नाही. आता मीही मानत नाही. तुमची सुनंदा मेली असेल. गोदावरी सकपाळ मेल्याचा कागद माझ्याकडे नाही.”

“मग सत्र संपेपर्यंत नाव पटावर राहील.”

“राहू द्या.”

ट्रंक उचलून मी व्हरांड्यातून निघालो. एका वर्गात हजेरी चालली होती. दाराशी थांबलो. प्राध्यापक खाली मान घालून एकेक नाव वाचत होते आणि बाकांवरून ‘हजर’, ‘हजर’ येत होतं. मग ते नाव आलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. कुणी बोललं नाही. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने पुकारलं ... मग पुढचं नाव घेतलं.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती नाचणी निवडतच होती. रोज सकाळी, कॉलेज भरायच्या सुमाराला, आता ती मला विचारते, “पुकारलं असंल का रे आता?”

मी म्हणतो, “हो. पुकारलं असेल.”

“पुकारू देत,” ती म्हणते. “म्या ठेवलेलं नाव हाय.”