दोघींचं पॅकेज आन आम्ही तिघी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पांढुर्णा ते सौंसर रोज बसनं अप-डाऊन करा, पर्सच्या तळाशी जुनी तिकिटं आन फुटाण्याची टरफलं साचतात, तसे ते साचतात. मंग एखाद्या दिवशी पर्स उलटी केली की सगळं पलंगावर. आज मी उलटी करून राहिली. जे पडन ते तुमचं.

आधी माणसं सांगते. आम्ही तिघी सौंसरच्या एकाच शाळेत शिकवतो. मी रेखा, राहाले सावरगावले. संध्या पांढुर्ण्याची, पहिल्या वर्गापासूनची माझी मैत्रीण. एका बाकावर बसून शिकलो, एका शाळेत नोकरीले लागलो, आन एका बसनं जाऊन राहिलो. तिसरी पल्लवी. पांढुर्णा जिल्हा झाला, नवीन हापिसं आली, तिच्या नवऱ्याची नागपूरवरून बदली झाली आन ही आमच्या शाळेत येऊन पडली. दिसाले छान, बोलाले गोड, केस सरळ करून घेतलेले. अशी बाई मले पहिल्या दिवसापासूनच सहन होत नाही.

माझा नवरा म्हणते मी जळकुकडी आहे. म्हणू द्या. त्याले कोणाची मैत्रीण पळवल्या गेली नाही.

*

बसमध्ये तिघांचं बाक असते ना, त्याच्यावर मी खिडकीत आन संध्या मधात, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. तिसऱ्या जागेवर कोणीही बसो, आम्हाले फरक पडत नव्हता. पल्लवी आली आन ती जागा तिची झाली. त्या दिवसापासून संध्याची मान तिकडं.

मी सासूबाईच्या गुडघ्याचं सांगून राहिली त संध्या म्हणे, "हं, हं." पल्लवी नागपूरच्या फेशियलचं सांगे त ही डोळे मोठे करून ऐके. आयुष्यभर मले "वं" म्हणणारी बाई तिले "गं" म्हणाले लागली. एक दिवस माझ्याच्यानं राहावलं नाही. म्हणलं, "संध्या, मी इकडं बसली आहे."

"दिसून राहिली ना वं," संध्या म्हणे. "तू काय लपण्यासारखी आहे का?"

पल्लवी खिदळली. माझं वजन थोडं जास्त आहे, ते मले माहीत आहे. पण ते तिच्यासमोर काढाचं काय काम होतं?

*

स्पाचं खूळ पल्लवीनंच आणलं. मोहगाव मागं पडलं असन, तिनं मोबाईल काढला. "ताई, नाशिककडे द्राक्षाच्या बागेतच रिसॉर्ट आहेत. द्राक्षाच्या बियांनी अंग घासतात, मग मसाज, संध्याकाळी वाईन चाखायला देतात. फार रिलॅक्स वाटतं." बोलण्यावरून असं वाटे का ही दर महिन्याले जाते.

संध्या त्या फोटोकडं पाहतच राहिली. हळू आवाजात म्हणे, "लग्न झाल्यापासून माझ्या डोक्याले कोणी तेल लावून दिलं नाही."

"मी लावून देते ना," मी लगेच म्हणलं.

"तू तेल लावते का गहू झोडपते?"

जाऊ द्या. त्या फोटोत एक खोली होती. दोन टेबलं बाजूबाजूले, मधात मेणबत्त्या, पाकळ्या टाकलेल्या. दोघांचं पॅकेज म्हणे. त्याच्यात मसाज, बियांचं घासणं, सगळं दोघांनी एका खोलीत. आम्ही तिघी. म्हणजे दोघी त्या खोलीत आन एक दुसरीकडं एकटी.

त्या दिवसापासून मले नाशिक नको, वाईन नको, बिया नको. मले फक्त ती खोली पाहिजे होती, बाजूच्या टेबलावर संध्या पाहिजे होती, आन पल्लवी दुसरीकडं एकटी पाहिजे होती.

*

मी आधी वेगळा डाव टाकून पाहिला. म्हणलं, संत्र्याच्या मुलखात राहाचं आन अंग घासाले अंगूर शोधत नाशिकले जाचं, हे कुठलं शहाणपण? घरच्या घरी स्पा झाला त पल्लवीचं खूळ आपोआप बसन.

रविवारी संध्याले घरी बोलावलं. संत्र्याची सालं सावलीत चांगली कुरकुरीत वाळवाव लागतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराले माहीत असते. पण मले दम निघाला नाही. ताजीच सालं मिक्सरमध्ये फिरवली, बेसन, हळद, दही टाकलं आन तिच्या तोंडावर थापलं.

"रेखे, चावून राहिलं वं."

"असर करून राहिलं."

"आग होऊन राहिली."

"मोठ्या स्पात अशीच होते."

त्याच्यानंतर ती जी उठून नळाकडं पळाली, ती बादलीत तोंड घालूनच बसली.

सोमवारी शाळेत पोट्टे विचारत, "मॅडम, मधमाशी चावली काय?" त्याच्या आधी सकाळी जातानाच बसमध्ये पल्लवीनं पर्समधून कोरफडीची ट्यूब काढली आन बोटानं हळूहळू तिच्या गालाले लावून दिलं. संध्यानं डोळे मिटले. म्हणे, "किती थंड हात आहेत गं तुझे."

मी खिडकीतून कपाशी पाहत बसली. सौंसर येईपर्यंत कपाशीच पाहिली.

*

नाशिकले जाऊन राहिलो म्हणलं की आमच्याकडं लोकाले एकच कळते. सासूबाईनं हात जोडले. "त्र्यंबकेश्वराले चालल्या? बरं करून राहिल्या बाई. गंगेचं पाणी आणजो." आन रिकामी बाटली माझ्या बॅगेत कोंबली. बाजूच्या काकूनं पोराच्या लग्नासाठी नारळ दिला, तिथं फोडाले. मी कोणत्या तोंडानं सांगू का आम्ही अंगाले बिया घासून घ्याले चाललो?

आमचे हेडमास्तर कांदा-लसूण खात नाहीत, एकादशी सोडत नाहीत. त्यायनं मले व्हरांड्यात बाजूले बोलावलं. "रेखा मॅडम, तिकडं ते द्राक्षाचं मिळते म्हणे. हृदयाले चांगलं असते. एखादी बाटली आणाल काय? स्टाफमध्ये बोलू नका."

म्हणलं, आणीन सर. एक बाटली गंगेची, एक तुमची. अदलाबदल नाही झाली म्हणजे मिळवलं.

संध्याच्या घरी मात्र असं काहीच नाही. तिनं नवऱ्याले खरं सांगितलं आन तो म्हणे, "जा, चांगला आराम करून ये." बस. नारळ नाही, बाटली नाही. मले तिच्या नवऱ्याचाही राग आला.

*

बुद्ध पौर्णिमेची खीर मी विसरणार नाही. संध्याच्या घरची खीर, आन पहिला डबा आमच्या घरी, हा तिची आई होती तेव्हापासूनचा नियम. या वेळी मी सकाळपासून दाराकडं कान लावून बसली. डबा आला दुपारी.

"पल्लवीचं घर रस्त्यात पडलं," संध्या म्हणे, "म्हणून आधी तिच्याकडं दिला."

पल्लवीचं घर स्टेशनकडं. माझं नदीच्या या पार. संध्याच्या घरून निघालं त ते कोणत्याच रस्त्यात पडत नाही, मुद्दाम जाव लागते. मी खीर खाल्ली. दरवर्षीपेक्षा चांगली झाली होती, तेच जास्त लागलं.

*

जाचं कधी, याच्यावर स्टाफरूममध्ये चर्चा चालली. पल्लवी म्हणे, पोळ्याला जोडून सुट्टी घेऊ.

म्हणलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार असते. कोणी गाव सोडत नाही."

तिनं गोटमार पाहिली नव्हती. मीच समजावलं. जाम नदीच्या एका काठावर सावरगाव, दुसऱ्यावर पांढुर्णा. नदीच्या मधात पळसाचं झाड गाडतात, त्याले झेंडा बांधतात. तो झेंडा आपल्याकडं ओढून नेण्यासाठी दोन्हीकडून दिवसभर दगड.

"बाई गं!" पल्लवी म्हणे. "मग ताई, तुम्ही कोणाकडून?"

"मी सावरगावची," म्हणलं. "तू पांढुर्ण्यात राहते."

संध्या आमच्या मधात बसून पोट्ट्यांच्या वह्या तपासून राहिली होती. तिनं मान वर केली नाही. म्हणे, "आन मी झेंडा."

शेवटी नाताळच्या सुट्टीत जाचं ठरलं.

*

पोहोचल्यावर संध्याकाळी वाईन चाखाचा कार्यक्रम. टाय लावलेला एक पोरगा, समोर लांब दांडीचे ग्लास, तळाशी दोन घोट. गोल फिरवा म्हणे, वास घ्या, मंग तोंडात घोळवा. "काय जाणवतंय मॅम?"

पल्लवी म्हणे, "थोडं चॉकलेट, थोडं लाकूड."

मले फक्त आंबट जाणवून राहिलं होतं, पण मी मागं कशी राहीन? म्हणलं, "लाकूड. भरपूर लाकूड."

संध्याच्या वडलाची मोहगावले संत्र्याची झाडं होती. ती लहानपणापासून व्यापाऱ्यांसंग बागेत फिरलेली. आमच्याकडं संत्र्याचे बहार दोन, अंबिया आन मृग, आन फळ हातात घेतलं की पहिला प्रश्न तोच. तिनं घोट घेतला, डोळे बारीक केले, आन अगदी शांतपणे त्या पोराले विचारलं, "दादा, हे अंबियाचं का मृगाचं?"

पोरगा गडबडला. म्हणे, "मॅम, द्राक्षाची छाटणी दोनदा होते, पण पीक एकदाच येतं."

"एका पिकावर एवढं नाटक?" संध्या म्हणे.

सगळे टेबलवाले हसले. पोरगाही हसला आन त्यानं तिच्या ग्लासात पुन्हा ओतलं, चांगलं भरून. मी माझा ग्लास पुढं केला होता. त्याचं लक्ष गेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पा. रात्रभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "दोघींच्या रूममध्ये कोण आणि सिंगलमध्ये कोण?" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी संध्याचा डावा हात धरला. पाहते त उजवा पल्लवीनं धरलेला.

संध्यानं दोन्ही हात सोडवून घेतले.

"मी एकटी जाते," ती म्हणे. "मी आराम कराले आली. रोज सौंसरपर्यंत इकडं पाहा, तिकडं पाहा, माझी मान दुखून राहिली. तुम्ही दोघी जा त्या खोलीत आन काय ते एकदाचं निपटवून घ्या."

आन गेली. पांढरा गाऊन खांद्यावर टाकून, चपला फटफट वाजवत, मागं वळून न पाहता. आम्ही दोघी तिथं हात लांब करून उभ्या.

खोली फोटोत होती तशीच होती. दोन टेबलं, मेणबत्त्या, पाकळ्या. कुठून तरी पाणी वाहाचा आवाज येऊन राहिला होता. पोरीनं आम्हाले एकेक पाकीट दिलं, "चेंज करून घ्या, मी येते," म्हणून गेली. पाकिटात कागदासारखं काहीतरी, त्याले इलॅस्टिक.

मी मनात म्हणलं, पल्लवी घालन तसं घालू. पल्लवी माझ्याकडं पाहून राहिली.

"तुले माहीत असन ना हे," मी विचारलं.

"मी कुठं आलेय ताई कधी," ती खाली पाहून म्हणे. "माझी वहिनी जाते. मी तिचं ऐकून सांगत होते."

मले इतका आनंद झाला म्हणून सांगू! वर्षभराचा हिशेब तिथंच फिटला असं वाटलं. पण आनंद करत बसाले वेळ नव्हता. पोरगी येणार होती. मी ते ताणून पाहिलं. "टोपी असन. तेलानं केस खराब होऊ नये म्हणून."

"हो, टोपीच असेल," पल्लवी म्हणे. तिनं सरळ केलेले केस त्याच्यात नीट कोंबले, मंग माझेही कोंबून दिले.

पोरगी आत आली. आमच्याकडं पाहिलं आन भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मंग तिनं सांगितलं का ती चड्डी आहे.

पुढचं मी सांगत नाही. शेवटी आम्ही दोघी टेबलावर पालथ्या. टेबलाले तोंडासाठी भोक, त्या भोकातून खाली वाटीतलं एक फूल दिसे. आणखी एक पोरगी आली, तिनं पल्लवीचं सुरू केलं. माझ्यावाल्या पोरीनं खांद्यावर अंगठा दाबला, थांबली, पुन्हा दाबला.

"मॅडम," ती म्हणे, "खांद्यात नुसत्या गाठी आहेत हो. एवढं काय भरून ठेवलंय इथं?"



बाजूच्या टेबलाच्या भोकातून आवाज आला, "मी."