झाकणावरचा नंबर

तुमच्या गावात सैनिकाची शवपेटी बंदच आली, तर तुम्ही काय करता? गेलेल्याचं नाव घेता, की पेटी का उघडली नाही याची कुजबुज करता?

नेवाशाजवळच्या आमच्या गावाने कुजबुज केली. माझा बाप, सिपाही भीमराव, बर्फातल्या पोस्टवर वारला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली होती. खिळे ठोकलेली पेटी आली. उघडायची नाही, असा हुकूम होता. सोबतचे जवान परमुलखातले, त्यांना मराठी येत नव्हतं. आज्याने चितेवर बापाची वर्दी ठेवली आणि फौजेच्या कागदांची पिशवीही. "त्याचं त्याच्यासंगं जाऊ द्या," म्हणाला. बापाचा आर्मी नंबर त्या पिशवीत होता.

गावाने ठरवलं, पळून जाताना मेला. ग्रामपंचायतीसमोर हुतात्म्यांची शिळा आहे. तिच्यावर त्याचं नाव नाही.

पुढे मीही फौजेत गेलो, सिग्नलमध्ये. पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. वायरलेस सेटची बॅटरी तपासायची, कंपनीला रिपोर्ट द्यायचा, बर्फ उपसायचं, पुन्हा सेटवर बसायचं. एका दुपारी टेलिफोनची तुटलेली लाईन जोडायला लान्सनायक थोरात दोघांना घेऊन खाली निघाला. परभणीकडचा गडी, माझा दोस्त. जाताना म्हणाला, "नगरवाल्या, माझ्या वाटणीची खीर खाल्लीस तर आल्यावर तुलाच उकळीन."

थोड्या वेळाने उतारावरून बर्फ आलं. आमचा बंकरही अर्धा गाडला गेला. मी सेट उचलला आणि थोरातच्या तुकडीला हाक दिली.

"चार्ली वन, रिपोर्ट. ओव्हर."

सेटवर नुसती खरखर.

"चार्ली वन, चार्ली वन, रिपोर्ट. ओव्हर."

त्याच्यासोबतच्या दोघांना जिवंत काढलं. थोरात बर्फ वितळल्यावर सापडला. हवालदार मेजर म्हणाले, "झाकण तू लाव. तुझा यार होता." मी लावलं. आत काय पाहिलं ते लिहिणार नाही. पेटी बंद का येते, ते मला त्या दिवशी कळलं.

पेटीसोबत त्याच्या गावी एस्कॉर्टलाही मलाच पाठवलं. थोरातच्या आईने पेटीवर हात ठेवला.

"आत त्योच हाय कशावरून, लेकरा?"

"माय, झाकण मी लावलंय."

तिने मान हलवली. उघडा म्हणाली नाही.

माझ्या आज्याला त्याच्या भाषेत एवढं एक वाक्य सांगणारं कोणी नव्हतं.

त्या बर्फात माझा डावा कान गेला. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. त्या कानाला बाहेरचं काही ऐकू येत नाही. सेटची खरखर मात्र येते.

घरी आल्यावर बापाच्या रेकॉर्डसाठी अर्ज केला. नंबर कळवा, असं उत्तर आलं. त्या नावाचे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीत गेलो, तर मेंबर म्हणाला, "कागद आन, मग कोरू. तुजा बाप लढला का पळाला, आमाला काय ठावं?"

मला लढाई सिद्ध करायची नव्हती. तो पळाला नाही, एवढंच दगडावर हवं होतं.

एकदा माझी फौजेतली ट्रंक पुसत होतो. झाकणावर नंबर, रँक, नाव, पांढऱ्या रंगात. प्रत्येक जवान घालतोच. बापाचीही काळी ट्रंक घरी आली होती. आज्याने तिला निळा रंग दिला, वर पेंटरकडून आत्याचं नाव घातलं आणि ती आत्याच्या रुखवतात मांडली.

आत्या नगरजवळ नागापूरला राहते. नवरा गेल्यापासून एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. मी थिनर आणि पॉलिश पेपर घेऊन गेलो.

"आत्या, ट्रंकचं झाकण घासायचंय. तुझं नाव जाईल."

"लई शहाना! चहा बी पिला न्हाई, आन् आला माजं सामान मोडायला."

मी सांगितलं, खाली बापाचा नंबर असेल. तिने साड्या काढून पलंगावर ठेवल्या.

"घास. माजं नाव मला पाठ हाय. त्याचा नंबर कुनालाच न्हाई."

आधी 'सौ.' गेलं. मग तिचं नाव, मग फुलं. निळ्याखालून काळा रंग निघाला आणि काळ्यावर पांढरे आकडे.

"त्याच्याच हातचं," आत्या म्हणाली. "चार बघ. उलटी खुर्ची ठेवल्यावानी काढायचा." ती एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली. शेवटच्या आकड्यावरून बोट उचलेना.

नंबर पाठवला आहे. उत्तर यायचंय. पंधरा ऑगस्टला मी उत्तरासाठी थांबलो नाही. सरपंचांनी शिळेवरची नावं वाचली. त्यानंतर मी पुढे झालो आणि नंबर, रँक, नाव मोठ्याने वाचलं. सिपाही भीमराव. मग लान्सनायक थोरात, आमच्या गावचा नसला तरी. मेंबर खाली बघत होता. कोणी अडवलं नाही. डाव्या कानात खरखर चालूच होती.

तुमच्या घरात जुनी फौजी ट्रंक असेल, भंगारात घेतलेली, रुखवतात आलेली, कशीही, तर आज तिचं झाकण घासून बघा. नंबर निघाला तर ज्याचा आहे त्याच्या घरी पोचवा. आणि बंद शवपेटीबद्दल तुमच्या गावात कोणी कुजबुजलं, तर त्याला तिथेच सांगा, की झाकण कोणीतरी हाताने लावलेलं असतं.