डाळ लाच खात नाही

सोलापूर शहर आज जिथवर पसरले आहे, तिथवर ते सगळ्यांच्या आधी आमच्या थोरल्या भावजींच्या डोक्यात पसरून झाले होते. आणि माझे तर मत आहे की त्यांच्या डोक्यातले सोलापूर आजच्यापेक्षा पुष्कळ नीटनेटके होते. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. नोकरी कोर्टात कारकुनाची, पण मन त्या खुर्चीत कधी टेकले नाही. ते सदा गावाबाहेर, कुणाच्या तरी ज्वारीच्या रानात. तेव्हा गिरण्या जोरात होत्या. रोज आगगाडीने माणसे उतरायची, राहायला खोली मिळायची नाही, आणि वेशीबाहेरच्या रानांचे प्लॉट पडू लागले होते. सगळ्या गावालाच जमिनीचे वेड लागले होते म्हणा ना. पण बाकीच्यांचे वेड आपले दोन पैसे सुटण्यापुरते. भावजींचे तसे नव्हते. सोलापूर ही एक दिवस अख्ख्या इलाख्याची राजधानी होणार, हे त्यांनी सरकारला न विचारता ठरवून टाकले होते. "मुंबईला समुद्र आडवा येतो, पुण्याला डोंगर," ते म्हणायचे, "सोलापूरला काय आडवं येतंय? बाभळी." एकदा विजापूर रस्त्याच्या बाजूला आम्ही सगळे हुरडा खायला निघालो होतो, तर मध्येच हात आडवा धरून म्हणाले, जरा कडेने चाला, इथे गव्हर्नरसाहेबांची गाडी वळणार आहे. आणि आम्ही दोघी जावा खरोखरच लुगडी सावरून ज्वारीच्या धसकटात बाजूला झालो की हो!

शहर कोणीकडे वाढणार हे ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. ते म्हणायचे, शहर चालते गिरणीच्या भोंग्यावर. तेव्हा पहाटेचा भोंगा जिथवर ऐकू येतो तिथवर कामगार घर करणार, त्यापुढे नाही. म्हणून उजाडायच्या आत उपरणे गुंडाळून ते कुठल्या तरी बांधावर जाऊन कानामागे हात धरून उभे राहायचे. एका शेतकऱ्याने त्यांना असे पाहिले आणि चोर म्हणून न हटकता, बिचाऱ्याला भूतबाधा झाली म्हणून जवळ जाऊन विचारले, "काय ऐकतायसा, मालक?" भावजींनी विचारले, भोंगा येतो का इथे ऐकू? तो म्हणाला, "येतोय की. बैलंबी उटत्यात त्याच्यावर. मी तेवडा झोपतो." भावजींनी त्याच बांधावर त्याला इसार दिला.

इसार म्हणजे जमीन आपली म्हणून आधी टेकवायची थोडी रक्कम. पुरते खरेदीखत व्हायच्या आत भाव चढला की भावजी ती दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे, आणि त्यातून आणखी लांबची जागा धरायचे. या सगळ्यात त्यांना श्रीमंत व्हायचे होते असे मला कधी वाटले नाही. आपण म्हटले तिथे लोक राहायला आले, याचाच त्यांना आनंद. नव्या वस्तीत कुणाच्या दारात तोरण दिसले की अनोळखी घरात शिरून, सगळे ठीक ना, पाणी चढते ना, अशी चौकशी करून यायचे. घरचे लोक त्यांना म्युनिसिपालिटीचे समजून चहा द्यायचे.

आणि आम्ही? आम्ही राहत होतो भाड्याच्या तीन खोल्यांत. मी, माझे यजमान, भावजी आणि माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणायची. अक्का मैंदर्गीची. बोलायची मराठी, पण राग आला की कानडी, आणि राग फार असला की काहीच नाही. तिच्या मनात एकच गोष्ट होती. मैंदर्गीला तिची आई एकटी होती. दात गेलेले, नजर चाललेली, दुसरे मूलबाळ नाही. तिला आपल्याकडे आणावे, शेवटची वर्षे जवळ ठेवावे, एवढेच अक्काला हवे होते. पण आमची घरमालकीण पाण्याची घागरही मोजून भरू द्यायची, ती आणखी एक म्हातारी कुठून ठेवून घेणार? "आईला आणायचं तर आपलं घर पाहिजे," अक्का म्हणायची. भावजी म्हणायचे, त्यात काय, बांधूच. ते अगदी मनापासून म्हणायचे, हीच तर पंचाईत होती.

कारण दर नव्या प्लॉटवर ते घर बांधायचेच, फक्त फक्कीचे. रविवारी टांगा करून आम्हाला न्यायचे आणि चुन्याची पांढरी फक्की मूठमूठ सोडत काळ्या रानावर खोल्या आखायचे. ही ओसरी, हे माजघर, हे देवघर, ही आईंची खोली, उगवतीला खिडकी. मग त्या घरात वागायचे कसे, याचे नियम. दारातूनच आत यायचे, उजवे पाऊल आधी. माझे यजमान एकदा चुकून भिंतीतून आत आले, तर त्यांना परत बाहेर पाठवून दारातून यायला लावले. एक शेळी देवघरातून सरळ चालत गेली, तेव्हा भावजींना झालेले दुःख मी या डोळ्यांनी पाहिले आहे. अक्का मात्र या खेळात कधी हसली नाही. ती आईच्या खोलीत जाऊन उभी राहायची, इकडे हात, तिकडे हात करून खाट कुठे बसेल ते बघायची. आणि एकदा काय झाले, स्वयंपाकघरात बसून ती भाकरी वाढत असताना बाहेर सायकलवरून एक गृहस्थ आले. भावजी ओसरीवर त्यांच्याशी बोलले, परत येऊन पाटावर बसले, आणि म्हणाले, जरा लवकर आवरा, हे घर आता त्यांचं झालं. अक्काने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि दारातूनच बाहेर पडली. टांग्यात कानडीसुद्धा बोलली नाही.

आता मुख्य गोष्ट, डाळीची. आमच्याकडे कुठल्या विहिरीला गोड पाणी लागेल आणि कुठल्या विहिरीला मचूळ, याचा नेम नाही. मचूळ पाण्याची जागा कोण घेणार? म्हणून घेण्याआधी जो तो पाणी चाखून बघायचा. भावजी चाखायचे नाहीत. ते म्हणायचे, "दलालानं आधी गूळ खायला घातला की समुद्रही गोड लागतो. जीभ लाच खाते. डाळ लाच खात नाही." तेव्हा प्लॉटच्या विहिरीचे पाणी तांब्याच्या कळशीतून घरी यायचे, आणि अक्काने त्यात तुरीची डाळ शिजत घालायची. गोड पाण्यात डाळ लोण्यासारखी विरघळते. मचूळ पाण्यात सरपण संपते पण दाणा फुटत नाही. डाळ शिजते आहे तोवर भावजी बाहेरच्या खोलीत येरझारा घालायचे. आत पहिलटकरणीला कळा सुटल्या असाव्यात असा त्यांचा चेहरा. अक्का पळीवर डाळ घेऊन बाहेर यायची, ते बोटाने दाबून बघायचे, आणि निकाल लागायचा. ही गोष्ट इतकी पसरली की गल्लीतले लोक दारावरून जाताना, काय वहिनी, आज शिजली का, म्हणून विचारायचे. आमच्याकडे वरण चांगले झाले की संध्याकाळपर्यंत त्या रस्त्याचा भाव चढलेला असायचा.

असेच एकदा अक्कलकोट रस्त्याकडच्या एका जागेचे पाणी आले. जागा छान होती, शेजारी कडुनिंब होता, आणि मैंदर्गीकडून येणारी गाडीवाट तिथून दिसायची. अक्काने कळशीतले पाणी हातावर घेऊन चाखले आणि तोंड वाकडे केले. मग तशीच थोडा वेळ बसली. आणि उठून, पापडांचे दिवस नसताना, फडताळातला पापडखाराचा डबा काढला. मी समोर कोथिंबीर निवडत होते. तिने माझ्याकडे पाहिले, मी कोथिंबिरीकडे पाहिले. चिमूटभर खार पडला आणि थोड्या वेळात डाळीचे लोणी झाले.

भावजींनी ती जागा आनंदाने घेतली, फक्कीचे घरही आखले. पण ती जागा पुढे कुणी घेईना. गिऱ्हाईक यायचे, कडुनिंबाखाली उभे राहून वाहवा करायचे, विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे आणि थुंकून सायकलवर बसायचे. भावजी चक्रावले. एकाला म्हणाले, तुमच्या तोंडाला चव नाही. दुसऱ्याला म्हणाले, तुम्हाला कुणीतरी आधी कार्ले खायला घातले आहे. स्वतः मात्र एक घोट घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. इसारावर सुटका होईना तेव्हा पुरते खरेदीखत करावे लागले. वर्ष गेले, दुसरे गेले. मग एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केले की रिकाम्या जागेपेक्षा बांधलेल्या घराला भाव जास्त येतो, सबब तूर्तास आपण तिथे बांधू. अक्काने मान खाली घालून भात वाढला.

घर झाले. गवंडी म्हणाला, मालक, भिंतीला मीठ फुटतंय. भावजी म्हणाले, नवा चुना आहे, दम खातोय. राहायला गेलो त्याच दिवशी मैंदर्गीहून बैलगाडीतून अक्काची आई आली. अक्काने तिचा हात धरून तिला सगळे घर हाताला दाखवले: ही भिंत, ही खिडकी, ही तुझी खाट. म्हातारीने खिडकीचे गज एकेक करून चाचपले आणि कानडीत काहीतरी म्हणाली. काय, ते मी अक्काला विचारले नाही; ती डोळे पुसत होती.

आणि मग आम्ही जेवायला बसलो. त्या धांदलीत वरण मी लावले होते, तिथल्याच विहिरीच्या पाण्यात. दाणा न् दाणा वेगळा. भावजी शांतपणे कुडुमकुडुम चावत होते. पण म्हातारीला दात कुठे होते? तिने तोंडात घास घेतला, इकडून तिकडे फिरवला आणि हळूच ताटात काढून ठेवला. अक्का उठली. सगळ्यांच्या देखत तिने पापडखार काढला आणि चुलीवरच्या उरलेल्या डाळीत टाकला. थोड्या वेळाने मऊ वरण आईच्या भातावर वाढले.

भावजींचा हात ताटातच राहिला. "हे असं आधी केलं होतंस?"

"एकदा केलं होतं."

"कधी?"

"ह्याच पाण्याला."

मला वाटले आता घरात वादळ होणार. पण भावजींच्या मनात दुसरीच भीती होती. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आणि बाकीच्या विहिरी?"

"त्या खऱ्या होत्या," अक्का म्हणाली. "त्या तुम्हाला विकायच्या होत्या की."

भावजींनी म्हातारीकडे पाहिले. ती मजेत जेवत होती. मग त्यांनी आपले ताट पुढे केले आणि म्हणाले, मलाही त्यातलंच वाढ.

त्यानंतर त्यांनी जागा घेतली नाही. पहाटे उठायचे ते मात्र सुटले नाही; उपरणे गुंडाळून पलीकडच्या मळ्यातल्या गोड विहिरीवर जायचे आणि खांद्यावर घागर घेऊन यायचे. कोर्टातले लोक हसायचे. ते सांगायचे, सासूबाईंना दात नाहीत. म्हातारी त्या खोलीत पुष्कळ वर्षे राहिली आणि त्या खिडकीखालीच गेली. पुढे अक्काही गेली, तशी अचानक, एका पावसाळ्यात.

राजधानी काही आली नाही. पण शहर आले, अगदी भावजींच्या कडुनिंबापर्यंत. दारात नळ आला आणि पाठोपाठ दलाल आले. त्यांच्याइतका आनंद भावजींना दुसऱ्या कुणाचा होत नसे. आम्ही तोवर वेगळे बिऱ्हाड केले होते; मी एकदा भावजींकडे गेले होते तेव्हा असाच एक जण बसला होता. भावजींनी त्याला चहा पाजला, कुठे काय भाव चालला आहे ते खोदून खोदून विचारले, डोळे नुसते चमकत होते. मग त्याला घरभर फिरवले. उगवतीच्या खोलीत त्याने उत्साहाने एकदम मोठा आकडा सांगितला. भावजींनी तो आकडा मनातल्या मनात दोनदा घोळवलेला मला दिसला.

"आकडा चांगला आहे," ते म्हणाले. "पण घर हिचं आहे. ती आत्ता घरात नाही. आली की विचारतो."

दलाल म्हणाला, बरं, मी थांबतो थोडा. आणि भावजींनी त्याच्यासाठी खाटेवरची चादर झटकून नीट केली.