तारेच्या आतली विहीर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. ड्रोनचं प्रकरण तेवढं सुटं राहिलं. विसरावं असं पुष्कळदा वाटलं, जमलं नाही.

तेव्हा मी पिंपरी-चिंचवडच्या कडेच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. एका बाजूला चाकणकडे जाणारे कंटेनर, दुसऱ्या बाजूला लष्कराचा मोठा डेपो, त्याची लांबच लांब काटेरी तार आणि छायाचित्रणास मनाईचे फलक. डेपोतून लेखी तक्रार आली : आठ दिवसांत दोनदा हद्दीवर ड्रोन दिसला. अशी तक्रार आली की ठाण्यातली बाकीची कामं बाजूला पडतात आणि वरिष्ठांचे फोन तासातासाला सुरू होतात.

खबर दिली ती तारेजवळच्या चहावाल्याने. "साहेब, एक ताई येतात स्कूटरवर, जेवणाच्या सुट्टीत. पेटीतून ड्रोन काढून उडवतात आणि फोनवर कुणाशी तरी बोलत राहतात."

साध्या वेशातले दोन शिपाई टपरीवर बसवले. तिसऱ्या दिवशी ड्रोन हवेत असतानाच ती सापडली. पस्तिशीची, एका बांधकाम कंपनीत साइटची मोजणी आणि चित्रीकरण करणारी. ड्रोन कंपनीचाच. पंचनामा केला, ड्रोन आणि फोन जप्त केले.

चौकशीला महिला हवालदार होती. डेपोचे एक कर्नलही येऊन बसले.

"शूटिंग कशासाठी केलं?" मी विचारलं.

"सहज."

"लष्कराच्या डेपोवर सहज?"

ती गप्प. रडली नाही, चिडली नाही. मी एक पाहिलं आहे, स्वतःला वाचवू पाहणारा माणूस फार बोलतो. असा गप्प बसणारा बहुधा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो. तो दुसरा कोण, हे शोधायचं होतं.

तिच्या फोनमध्ये तिन्ही उड्डाणांची रेकॉर्डिंग मिळाली. ड्रोनला दिसेल ते ती व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी दाखवत होती. त्यात एका पुरुषाचा आवाज होता : "डावीकडं घे. अजून खाली. शेड सोड, पुढं चल. व्हय, हितंच थांब."

कर्नल खुर्चीत पुढे सरकले. कुणीतरी बाहेर बसून तिच्याकडून डेपोची टेहळणी करून घेत होतं, असंच वाटत होतं. मलाही वाटलं.

महिला हवालदाराने ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहून ती म्हणाली, "साहेब, शेडवर कॅमेरा थांबतच नाही. तिन्ही वेळा एका विहिरीपाशी थांबलाय."

मी त्या बाईला आवाज ऐकवला. "हा माणूस कोण?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "त्यांना इथं आणू नका. त्यांना उठता येत नाही. वडील आहेत माझे."

आम्ही पिंपळे गुरवला तिच्या घरी गेलो. म्हातारा खाटेवर, डावं अंग लुळं पडलेलं. वर्दी पाहून उठायला धडपडू लागला. "पोरीला कशाला धरलं? म्याच सांगितलं तिला. मला धरा."

मग त्याने सांगितलं. डेपो वाढवला तेव्हा त्यांची वाडी आत गेली. त्याआधी त्याची धाकटी बहीण तापाने वारली होती. पोर लहान म्हणून तिला विहिरीजवळच्या बांधाला पुरलं होतं. पूर्वी वर्षातून एक दिवस वाडीच्या लोकांना आत सोडत. पुढे ते बंद झालं.

"आई जाताना म्हणाली व्हती, तिच्यापाशी एकदा दिवा लावून ये. मी कंपनीत शिफ्टा करत ऱ्हायलो. आता अंगच गेलं. ड्रोननं दिवा लावता येत न्हाई, पर बघता तरी येतं."

"मग रीतसर अर्ज करायचा ना," मी म्हणालो.

त्याने उशाखालची पिशवी दाखवली. लेकीने डेपोकडे तीन अर्ज केले होते. उत्तर एकच : विचाराधीन. तिसऱ्या अर्जाची प्रत पोलिसांनाही दिलेली होती. तिच्यावर पोहोच म्हणून आमच्या ठाण्याचा आवक शिक्का होता.

ठाण्यात परतल्यावर मी दप्तर काढायला लावलं. अर्ज सापडला. समासात शेरा होता, 'माहितीसाठी, दाखल', म्हणजे काही न करता फाइलला लावलेला. खाली माझी सही.

हेरगिरीचं कलम लागलं नाही. पण मनाई असलेल्या क्षेत्रावर ड्रोन उडवल्याचा गुन्हा घडलाच होता, तो नोंदवावा लागला. कंपनीने तिला कामावरून काढलं.

कर्नल जाताना म्हणाले, "परदेशात शांतिसेनेच्या तळावर होतो. तिथंही तारेबाहेर माणसं येऊन उभी राहायची. आमच्या तंबूंखाली त्यांची शेतं होती." पुढच्याच आठवड्यात त्यांनी वरून एका तासाची परवानगी मिळवली.

म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्सने आत नेलं. मीही गेलो. विहिरीचं तोंड काँक्रीटने बंद केलेलं होतं, बांध तर कुठेच दिसत नव्हता. म्हातारा बराच वेळ इकडे तिकडे पाहत राहिला.

"आबा, हीच ना जागा?" लेकीने विचारलं.

"आता हीच म्हनायची."

तिने दिवा लावला. वारा होता. पहाऱ्यावरच्या जवानाने बंदूक खांद्याला अडकवून दोन्ही हातांचा आडोसा धरला.

म्हातारा काही महिन्यांनी गेला. खटला चालूच राहिला. मी निवृत्त झाल्यावर साक्षीला बोलावणं आलं. तिचे वकील तो अर्ज पुढे करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ठाण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं, "आठवत नाही म्हणा, साहेब. कोण विचारतंय?"

मी शपथेवर सांगितलं, "सही माझीच आहे. अर्ज न वाचता केलेली."

न्यायालयाने तिला किरकोळ दंडावर सोडलं. नोकरी काही परत मिळाली नाही.

निकालानंतर ती आवारात भेटली. तिने शांतपणे विचारलं, "तेव्हा वाचला असता तर काय केलं असतंत, साहेब?"

मी जे खरं ते सांगितलं. "डेपोत एक फोन केला असता."

ती बस पकडायला निघून गेली.

या तपासाबद्दल तेव्हा वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. खबर, सापळा, पुरावा, सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं मी टेबलावर आलेला प्रत्येक अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बहुतेकांत फारसं काही नसायचं. तरी वाचायचो. माणूस ठाण्याची पायरी चढतो तेव्हा त्याने बाकीचे सगळे दरवाजे ठोठावून पाहिलेले असतात, हे समजायला मला तीस वर्षं लागली, आणि त्यासाठी एका बाईची नोकरी गेली.