शकूनं दिलेली परीक्षा

आमटीत मीठ जास्त पडलं, तर शकूनं ते कधी लपवलं नाही. लालबागच्या चाळीत ती गिरणीकामगारांची खानावळ चालवायची. पहिला माणूस जेवायला बसायच्या आधीच ओरडायची, "आमटी खारट झाली हा, भात जास्ती घेवा!" मी म्हणायचो, "अगं, खाऊन तर बघू दे!" ती म्हणायची, "माझी चूक मीच सांगान."

अशी माझी बायको. मी तिसरी शिकलेला, ती चौथी. हे तिनं मला जन्मभर ऐकवलं.

साठी उलटली आणि तिचा तोल जायला लागला, जीभ जड झाली. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मेंदू झिजत जाणारा आजार आहे. फार क्वचित कुणाला होतो. औषध अजून नाही, पण आम्ही अभ्यास करतोय. आजी येतील त्यात?" माझ्या आधी शकूनंच मान हलवली.

दर सहा महिन्यांनी तपासणी. सरळ रेषेवर चालायचं, बाईंनी सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळानं परत सांगायचे. पहिल्या खेपेला तिला दोनच आठवले.

मला ते झोंबलं. माझी बायको नापास? पुढच्या तपासणीआधी पंधरा दिवस मी तिच्याकडून तेच पाच शब्द रोज घोकून घेतले. आंबा, कंदील, नदी, पायरी, टोपी. तिनं बाईंपुढे पाचही म्हणून दाखवले. बाई खुशीत लिहायला लागल्या. मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात शकू म्हणाली, "थांबा बाई. ह्येंनी पाठ करून घेतलानी. ता खोडा."

बाईंनी नवे शब्द दिले. तिला एकही आठवला नाही.

बाहेर बाकावर मी भडकलो, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"अहो, ह्या कागदावरसून औषध शोधतले. तुमी खोटा लिवून घेतलात, तर मागून येतल्यांका खोटाच औषध मिळतला."



हात चालत होता तोवर तिनं आणखी एका कागदावर सही केली. मेल्यावर मेंदू अभ्यासाला द्यायचा. त्यावर माझीही सही हवी होती. मी साफ नाही म्हटलं. "बायकोचं डोकं उघडू देणारा नवरा मी नव्हे."

"अर्धी तपासणी काय कामाची?" एवढंच म्हणाली. नंतर आजारानं तिचं बोलणंच बंद झालं.

गेल्या श्रावणात एका रात्री ती गेली. सकाळीच बाई घरी आल्या. "बळजबरी नाही, आजोबा. पण वेळ थोडा असतो," म्हणाल्या आणि कागद पुढे ठेवला. तिची सही वेडीवाकडी होती, पण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पुरं लिहिलेलं.

करी रोडहून आलेला तिचा भाऊ माझ्या अंगावर आला, "भावोजी, मेंदू दिल्यात तर पुढच्या जन्मी बिनडोक्याची येतली ती!"

"येऊ दे," मी म्हटलं. "या जन्मी तिनं आपल्या दोघांपेक्षा जास्त वापरलाय."

बाईंकडून पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली माझी सही केली.